चौथं मशीन घेण्याआधी: सुपरकॉम्प्युटर कामं कशी वाटतो ते बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर सात ऑर्डर आणि तीन मशीनचं गणित मांडलं होतं. व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, म्हणून इथे सावकाश लिहून देते. वही-पेन घेऊन बसा. स्वतः मांडल्याशिवाय हा विषय डोक्यात बसत नाही.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: "मॅडम, ऑर्डर वेळेत जात नाहीये, अजून एक मशीन घेऊ का?" विचारणारे आपल्याच भागातले. तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांसाठी बॉयलर सूट शिवणारे, लेबल छापणारे, पॅकिंगचे खोके बनवणारे. डोक्यात मुद्रा कर्जाचा फॉर्म तयार असतो, कोटेशनही आलेलं असतं. कधी कधी उत्तर "घ्या" असंच असतं. पण बऱ्याचदा मशीन कमी नसतं, कामाची वाटणी चुकलेली असते. एक मशीन रात्री नऊपर्यंत खडखडतंय आणि शेजारचं चार वाजल्यापासून झाकून ठेवलंय, असं असताना हप्ता डोक्यावर घेऊ नका.

या वाटणीचा सगळ्यात खोल अभ्यास कोणी केला असेल, तर कॉम्प्युटरवाल्यांनी. त्याला ते लोड बॅलन्सिंग आणि टास्क शेड्युलिंग म्हणतात. नाव मोठं असलं तरी प्रश्न आपलाच आहे: हात अनेक, कामं अनेक, कुठलं काम कोणत्या हाताला आणि कधी द्यायचं?

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. एकच प्रचंड वेगवान, महागडा प्रोसेसर बनवायच्या मागे ही मंडळी लागली नाहीत. बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर त्यांनी घेतले आणि ६४ प्रोसेसर एकत्र जोडून कामाला लावले. त्याच सुमारास ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रानंही याच पद्धतीचा 'अनुपम' बनवला. हे आपल्या धंद्यासारखंच झालं. मोठं ऑटोमॅटिक मशीन परवडत नाही, मग चार साधी मशीनं मांडा आणि काम वाटून घ्या.

पण ६४ प्रोसेसर लावले म्हणून काम ६४ पट लवकर होत नाही. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं हवामानाच्या अंदाजात. पुण्याला पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तिथे २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आला आणि २०२४ मध्ये 'अर्क'. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे एकावर पंधरा शून्यं लिहा, त्याच्या जवळजवळ बारा पट इतकी गणितं एका सेकंदात. अशा मशीनवर हवामानाचं गणित करताना पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक प्रोसेसरला काही तुकडे देतात. समजा सगळ्यांना तुकडे अगदी सारखे दिले. वाटणी न्याय्य वाटते ना? पण सूर्यप्रकाशाचं गणित फक्त दिवस असलेल्या भागात करावं लागतं. जिथे रात्र आहे तिथलं काम लवकर संपतं. जिथे पावसाचे ढग जमलेत तिथे गणित जास्त, कोरड्या आकाशात कमी. आणि दर टप्प्याला शेजाऱ्याशी सीमेवरचे आकडे जुळवल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येत नाही. त्यामुळे हजारो प्रोसेसर असले तरी सगळे थांबतात ते सगळ्यात मागे राहिलेल्या एकासाठी.

तुकडे सारखे दिले तरी काम सारखं होत नाही. व्हिडिओतलं हे वाक्य एवढ्यासाठीच दोनदा म्हटलं होतं. "प्रत्येकीला दहा-दहा पीस" ही वाटणी तेव्हाच बरोबर, जेव्हा दहाही पीस सारखे असतात.

यावर हवामानवाले दोन प्रकारे उपाय करतात. दिवस कुठे आणि रात्र कुठे हे आधीच ठाऊक असतं, म्हणून एका गटात दिवसाचे आणि रात्रीचे तुकडे जोडीनं घालतात. अमेरिकेतल्या एनसीएआर या संस्थेच्या मॉडेलमध्ये ही सोय आहे. ही झाली आधीच ठरवलेली वाटणी, म्हणजे स्टॅटिक. ढग कुठे जमतील हे मात्र आधी कळत नाही. तिथे काम चालू असताना, कोण रिकामं झालंय ते बघून वाटप करावं लागतं. ही डायनॅमिक वाटणी. आपल्या धंद्यात दोन्ही लागतात. कुठे कोणती, ते आकड्यांतून बघू.

समजा तुमच्याकडे तीन शिलाई मशीनं, तीन ताई. सात ऑर्डर आल्यात आणि त्यांना लागणारे तास आलेल्या क्रमानं असे: ३, ३, ३, ४, ४, ५, ५. एक ऑर्डर एकीनंच पूर्ण करायची. सकाळी ९ ला सुरुवात, टेम्पो संध्याकाळी ६ ला चिल्हार फाट्याकडे निघणार. जेवणाची सुट्टी तूर्त हिशेबातून सोडा. एकूण २७ तास, भागिले तीन, म्हणजे प्रत्येकीला ९ तास. वरवर बघता काम वेळेत बसतं.

पहिली पद्धत, सकाळीच पत्ते वाटल्यासारखं वाटून टाकायचं. पहिली ऑर्डर पहिलीला, दुसरी दुसरीला, तिसरी तिसरीला, चौथी परत पहिलीला. पहिलीकडे ३+४+५ म्हणजे १२ तास, दुसरीकडे ७, तिसरीकडे ८. पहिली ताई रात्री ९ ला उठणार, टेम्पो गेलेला असणार आणि दुसरीचं मशीन चार वाजल्यापासून थंड.

दुसरी पद्धत, एकच रांग. सगळ्या ऑर्डर एका टेबलावर, जी रिकामी होईल ती वरची उचलेल. बँकेत टोकनची एक रांग असते आणि जो काउंटर मोकळा तो पुढचा नंबर घेतो, तसंच. करून बघा. तिघी ३-३ घेतात. मग ४, ४, ५. सात तासांनी पहिली रिकामी होते आणि शेवटची ५ तासांची ऑर्डर उचलते. संपली कधी? १२ व्या तासाला! रांग लावूनही फायदा शून्य. इथे बरेच जण म्हणतात की ही डायनॅमिक वगैरे भानगड बेकार आहे. थांबा. दोष रांगेचा नाही, रांगेतल्या क्रमाचा आहे. मोठं काम शेवटी राहिलं की एकटी ताई ते ओढत बसते आणि बाकीच्या बघत बसतात.

तिसरी पद्धत, रांग तीच पण मोठं काम आधी. ५, ५, ४. चौथ्या तासाला तिसरी रिकामी होते, दुसरं ४ उचलते, ८ ला मोकळी. पहिली आणि दुसरी ५ तासांनी ३-३ उचलतात, त्याही ८ ला मोकळ्या. शेवटचं ३ कोणीतरी घेतं आणि ११ ला संपवतं. म्हणजे रात्री ८.

डोकं लावून कागदावर जुळवलं तर ९ तासांतही बसतं: ५+४, ५+४, ३+३+३. मग कागदावरच का नाही जुळवायचं? कारण कागदावर दोरा तुटत नाही. समजा पहिलीच्या ५ तासांच्या ऑर्डरची चेन बसली नाही, उसवून परत लावली, ५ चे ८ तास झाले. कागदावरच्या बेतात तिच्या नावावर अजून ४ तासांचं काम आहे, म्हणजे १२ तास. आता 'मोठं आधी'च्या रांगेत हाच घोटाळा घाला. पहिली ८ ला मोकळी होते. तोवर तिसरीनं ४+४ केलं, दुसरीनं ५+३ केलं. तिघीही ८ ला मोकळ्या, उरल्या दोन ३ तासांच्या ऑर्डर. ११ ला सगळं संपलं. तीन तासांचा गोंधळ रांगेनं गिळला, कोणाला ओरडावं लागलं नाही.

आता खरी युक्ती. शेवटी उरणारी ऑर्डर फोडता येण्यासारखी ठेवा. गोंधळ नसलेल्या दिवशी ८ ला तिघी मोकळ्या आणि ३ तासांची एक ऑर्डर बाकी. तिचे एक-एक तासाचे तीन लॉट करा, ९ ला संपलं. टेम्पो गाठला. गोंधळाच्या दिवशी ६ तासांचं काम बाकी, तिघींत दोन-दोन तास, १० ला संपलं. दोन्ही दिवशी यापेक्षा लवकर होणं शक्यच नव्हतं, कारण एकूण तास भागिले तीन तेवढेच येतात. कॉम्प्युटरमध्ये ओपन-एमपी नावाची पद्धत आहे, तिच्यात वाटणीचे स्टॅटिक, डायनॅमिक आणि गायडेड असे प्रकार मिळतात. गायडेड म्हणजे हेच: सुरुवातीला मोठे घास, शेवटाकडे लहान लहान.

'मोठं आधी' हा काही माझा अंदाज नाही. बेल लॅब्जमधल्या रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकात हे गणितानं सिद्ध केलं. कामं एकमेकांवर अवलंबून नसतील आणि मशीनं सारखी असतील, तर कुठल्याही क्रमानं रांग लावली तरी सर्वोत्तम वेळेच्या दुप्पट कधी लागत नाही, आणि 'मोठं आधी' केलं तर एक तृतीयांशापेक्षा जास्त वाया जात नाही. तीन मशीनवर तर ९ च्या जागी ११ ही सगळ्यात वाईट परिस्थिती, आणि आपले सात आकडे मुद्दाम तेच निवडलेत.

याच ग्रॅहम यांनी १९६६ मध्ये एक विचित्र गोष्ट दाखवली. कर्ज काढणाऱ्यांनी ती नीट वाचा. कामं एकमेकांवर अवलंबून असतील, तर माणूस वाढवल्यावर काम उशिरा संपू शकतं. हो, उशिरा.

आकडे त्यांचे, दुकान आपलं. कामांची यादी अशी: कटिंग ३ तास. दुरुस्तीची दोन किरकोळ कामं, २-२ तास. लोगो छापणं २ तास. मग ४-४ तासांच्या चार ऑर्डर, ज्या लोगो छापून झाल्याशिवाय सुरू होत नाहीत. यादीत सगळ्यात खाली ९ तासांची एक मोठी ऑर्डर, जी कटिंग झाल्याशिवाय सुरू होत नाही. कोणीही कोणतंही काम करू शकतं असं धरा, आणि जी रिकामी होईल तिनं यादीतलं सुरू करता येण्यासारखं पहिलं काम उचलायचं.

तीन ताई असताना पहिली कटिंगला, दुसरी-तिसरी दुरुस्तीला. दोन तासांनी दुसरी लोगो छापायला घेते, तिसरी दोन तास बसून राहते (मालकाचा जीव इथे कासावीस होतो). तिसऱ्या तासाला कटिंग संपतं. लोगो अजून चालूच आहे, म्हणून पहिली ९ तासांची ऑर्डर घेते, १२ ला संपवते. दुसरी-तिसरी चौथ्या तासाला लागतात, दोघी मिळून चार ऑर्डर १२ ला संपवतात. एकूण १२ तास.

आता चौथी ताई आणि चौथं मशीन आणलं. चौघी एकदम लागतात, लोगो दुसऱ्या तासालाच तयार. तिघी लगेच ४ तासांच्या ऑर्डर उचलतात, ६ पर्यंत अडकतात. तिसऱ्या तासाला कटिंगवाली मोकळी होते. यादीत ४ तासांची चौथी ऑर्डर वर आहे, ती उचलते आणि ७ पर्यंत अडकते. ९ तासांच्या ऑर्डरला हात लागतो सहाव्या तासाला. संपते १५ ला. हप्ता चालू झाला आणि माल तीन तास उशिरा!

उपाय यादीत आहे. ९ तासांची ऑर्डर चारही छोट्यांच्या वर लिहा, म्हणजे कटिंग होताच ती सुरू होते आणि चौघी १२ ला संपवतात. पण १२ लाच. तीन ताईंनाही १२ च लागत होते. कारण कटिंगचे ३ आणि त्यामागचे ९ ही एक साखळी आहे, आणि दहा मशीनं आणली तरी साखळी १२ च्या खाली येत नाही. कॉम्प्युटरवाले तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. इथे पैसा मशीनवर घालवायचा नाही, साखळी तोडायची. कटिंग मास्टरला सांगा, सगळं कापून होईपर्यंत थांबू नका, पहिला गठ्ठा झाला की तो मशीनवर जाऊ द्या. किंवा ती ९ तासांची ऑर्डर दोघींत फोडा. आणि जे काम एकच माणूस करू शकतो, समजा काज-बटणाचं एकच मशीन आहे, तिथे रांग साचत असेल तर शिलाईची मशीनं वाढवून रांग अजून लांब होईल.

लॉट लहान करायचा म्हटलं की काही जण अतिउत्साहात दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडतात. तसं करू नका. प्रत्येक वेळी दोरा बदलणं, बॉबिन भरणं, नमुना समजून घेणं, याला वेळ जातो. ही मांडामांड १५ मिनिटांची असेल आणि लॉटही १५ मिनिटांचा असेल, तर अर्धा दिवस मांडामांडीतच गेला. मघाच्या उदाहरणात ३ तासांच्या ऑर्डरचे तीन लॉट केले तर दोन मांडामांडी वाढतील आणि काम ९ ऐवजी सव्वानऊला संपेल. ११ पेक्षा ते केव्हाही चांगलं. कॉम्प्युटरमध्येही एका प्रोसेसरजवळ ठेवलेली माहिती दुसऱ्याकडे हलवायला वेळ लागतो, म्हणून शक्यतो ज्याच्याकडे माहिती आहे त्यालाच पुढचं काम देतात. निळा दोरा ज्या मशीनवर चढलाय, पुढची निळी ऑर्डर तिथेच जाऊ द्या. ती रिकामीच नसेल तर हट्ट सोडा.

आता एक पथ्य. 'मोठं आधी' हे टेम्पोच्या वेळेत सगळा माल बसवण्यासाठी आहे. दुकानाच्या काउंटरवर हे उलटतं. माझ्या दुकानात जूनमध्ये ॲडमिशनच्या दिवसांत झेरॉक्सला गर्दी असते. एकाचं जाड पुस्तक, ३० मिनिटं. दुसऱ्याचं २ मिनिटांचं काम, तिसऱ्याचं १ मिनिटाचं. पुस्तक आधी घेतलं तर तिघं अनुक्रमे ३०, ३२ आणि ३३ मिनिटांनी मोकळे होतात, सरासरी साधारण ३२. छोटं आधी घेतलं तर १, ३ आणि ३३ मिनिटांनी, सरासरी साधारण १२. मशीन दोन्ही वेळेला ३३ मिनिटंच चाललं, पण दोन गिऱ्हाइकं खूश होऊन गेली आणि पुस्तकवाल्याची फक्त तीन मिनिटं गेली. धोका एकच, छोटी कामं येतच राहिली तर पुस्तकवाला संध्याकाळपर्यंत उभा. कॉम्प्युटर यावर वाट बघणाऱ्या कामाचा मान हळूहळू वाढवत नेतो. काउंटरवर साधा नियम ठेवा: अमुक वेळ झाली की त्याचं काम घ्यायचंच, मग पुढे कोणीही असो.

अजून दोन गोष्टी पटकन. सुपरकॉम्प्युटरवर काम टाकताना साधारण किती वेळ लागेल ते आधी सांगावं लागतं. त्यावरून शेड्युलर मधल्या फटी भरतो: मोठं काम दोन तासांनी सुरू होणार असेल, तर दीड तासाचं छोटं काम आत घालतो, अडीच तासाचं घालत नाही. कापड यायला उशीर असेल तेव्हा हेच करा. त्यासाठी प्रत्येक ऑर्डरच्या चलानावर अंदाजे तास लिहायची सवय लागते. आणि कामं आधीच वाटून झाली असतील तर? १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सिल्क नावाच्या प्रणालीत 'वर्क स्टीलिंग'ची पद्धत वापरली: जो रिकामा, त्यानं उठून भरलेल्याच्या गठ्ठ्यातलं काम घ्यायचं. कामात असलेल्यानं हात थांबवून वाटायला जायचं नाही. आपल्याकडे ताई "माझं झालं, तुझ्यातलं देतेस का?" असं विचारायला लाजतात, आणि मालकाला पाच वाजता कळतं. हे विचारणं नियमात बसवून टाका.

प्रोसेसर रुसत नाहीत, माणसं रुसतात. एका रांगेतून काम द्यायला लागलात की हाताची चपळ ताई जास्त ऑर्डर उचलते. पीस रेटवर असेल तर तिला पैसे जास्त मिळतात, ती खूश. रोजंदारीवर असेल तर तिच्या लक्षात येतं की पटपट केल्याची शिक्षा म्हणजे अजून काम. आठवड्याभरात तिचा वेगही बाकीच्यांइतका होतो. पीस रेटमध्येही घोळ आहे. साध्या शर्टाला आणि बॉयलर सूटला लागणाऱ्या वेळेच्या मानानं रेट नसेल, तर सगळ्या जणी शर्टच शोधतील. म्हणून रांगेतलं वरचंच काम उचलायचं, निवडानिवड नाही, आणि रेट कामाला लागणाऱ्या मिनिटांवरून ठरवायचा. हे दोन नियम आधी, रांग नंतर. रोजंदारी ठेवायचीच असेल तर वेळेत गेलेल्या मालावर तिघींना मिळून बोनस द्या. मग चपळ ताईच दुसरीच्या मदतीला जाते.

आता कर्जाच्या प्रश्नाकडे. दोन आठवडे एक तक्ता ठेवा. प्रत्येक मशीनसमोर रोज किती तास चाललं, किती तास रिकामं होतं आणि रिकामं का होतं: काम नव्हतं, कटिंग आलं नव्हतं, दोरा नव्हता, लाइट नव्हती. पहिला आठवडा आहे तसंच चालू द्या, दुसऱ्या आठवड्यात एक रांग आणि मोठं काम आधी. दुसऱ्या आठवड्यातही तिन्ही मशीनं पूर्ण वेळ भरलेली असतील आणि तरी टेम्पो चुकत असेल, तर चौथं मशीन घ्या, खुशाल घ्या. बँकेत जाताना कोटेशनसोबत तो तक्ताही जोडा.